रिक्षाचे भाडे सरकार ठरवते, मग गॅसचा भाव कोण ठरवतो?

गॅसच्या धंद्यावर नजर कोणी ठेवायची, या प्रश्नाला हल्ली एक ठरलेले उत्तर मिळते. उद्योगसंघटनांच्या निवेदनांत, परिषदांत, वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर ते सारखे भेटते. विषय तांत्रिक आहे, जोखमीचा आहे, भांडवल प्रचंड लागते; म्हणून सरकारने आणि उद्योगाने नियमनाचा भार आपसांत वाटून घ्यावा, असे हे उत्तर सांगते. सरकारने धोरण ठरवावे, उद्योगाने आपले मानदंड आपणच पाळावेत, मधे एक मंडळ असावे आणि भावाचे काय ते बाजारावर सोपवावे. ऐकायला हे इतके समंजस वाटते की ते खोडून काढायला फारसे कोणी पुढे येत नाही.

मला ते मान्य नाही. भार वाटून घेतला असे म्हणतात, पण या दोघांनी वाटून घेतले आहेत ते अधिकार. भार तिसऱ्याच्याच डोक्यावर आहे. हा तिसरा सकाळी जुहू सर्कलला मीटर पाडून निघतो, किंवा जुहू-पार्ले योजनेतल्या एखाद्या स्वयंपाकघराचे गॅसबिल दर दोन महिन्यांनी मुकाट्याने भरतो.

२०२२ चा एप्रिल आठवा. राज्य सरकारने नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि त्याचे कौतुकही झाले. शहराला वायू पुरवणाऱ्या महानगर गॅसने १ एप्रिलपासून मुंबईतला सीएनजी किलोमागे सहा रुपयांनी उतरवून ६० रुपये केला. ६ एप्रिलला तो ६७ झाला, १३ एप्रिलला ७२ आणि महिना संपता संपता ७६. राज्याच्या तिजोरीने सोडलेले सहा रुपये आठवडाभरही टिकले नाहीत.

याला कारण होते, हे मी झाकून ठेवत नाही. त्याच १ एप्रिलला केंद्राने देशी जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा दर दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमागे २.९० डॉलरवरून ६.१० डॉलरवर नेला होता. युक्रेनच्या युद्धाने आयात होणारा द्रवरूप वायूही महागला होता. कंपनीने लूट केली, असा माझा आरोप नाही. या तीन वाढींतली किती वाढ वायूच्या खरेदीची, किती डॉलरची, किती वाहतुकीची आणि किती कंपनीच्या नफ्याची, हे कोणत्याही अधिकाऱ्यापुढे, कोणत्याही सार्वजनिक सुनावणीत कोणी मांडले नाही, एवढीच माझी तक्रार आहे. मांडायची सक्तीच नाही. एक प्रसिद्धिपत्रक निघते आणि मध्यरात्रीपासून नवा भाव लागू होतो.

आता तोच गॅस भरणाऱ्या माणसाकडे पाहू. त्याच्या मीटरवर काय आकडा उमटावा हे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. त्यासाठी खटुआ समितीचे सूत्र आहे. त्यात इंधन, गाडीची किंमत, देखभाल, महागाई, सगळे धरलेले आहे. १ मार्च २०२१ रोजी रिक्षाचे किमान भाडे १८ चे २१ झाले. पुढची वाढ आली १ ऑक्टोबर २०२२ ला, दोन रुपयांची. त्यानंतरची १ फेब्रुवारी २०२५ ला, २६ रुपये. पहिल्या दोन तारखांच्या मधल्या काळात सीएनजी पन्नाशीच्या आसपासहून निघून ऑगस्ट २०२२ मध्ये ८६ वर जाऊन आला. म्हणजे रिक्षावाल्याला आपल्या मालाचा भाव दोन रुपयांनी वाढवायला एकोणीस महिने सरकारी दारात उभे राहावे लागते, आणि त्याला कच्चा माल विकणारा एका महिन्यात सोळा रुपये वाढवतो तेव्हा त्याला कुणाचीही परवानगी लागत नाही. दोघेही एकाच शहरात सार्वजनिक सेवा देतात. सूत्र, समिती, प्राधिकरण, सगळे दुबळ्यासाठी. बलवानासाठी मात्र बाजार.

यावर लगेच उत्तर येते: परवडत नसेल तर त्याने दुसरे इंधन वापरावे, बाजारात पर्याय असतातच. हे म्हणणाऱ्याला मुंबईचा इतिहास माहीत नाही, किंवा तो सोयीने विसरला आहे. या शहरातल्या टॅक्सी-रिक्षा बाजाराच्या ओढीने सीएनजीकडे गेल्या नाहीत. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये वाहनांच्या धुराबाबत लाल समिती नेमायला लावली आणि त्यानंतरच्या आदेशांनी त्या गेल्या. निर्णय योग्य होता. पार्ले-अंधेरीची हवा त्याने सुधारली, हे मी स्वतः श्वासातून अनुभवले आहे. पण न्यायालयाने ज्याला एका इंधनाला बांधले आणि ज्या शहरात ते इंधन देणारी कंपनी एकच आहे, त्याला ‘पर्याय शोध’ म्हणणे ही थट्टा झाली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एखाद्या दुपारी पंपावरची रांग बघा. रिक्षा एकेक करून पुढे सरकतात, पाळी आली की प्रवासी असेल तर त्याला खाली उतरवतात, गन लावतात आणि चालक डोळे आकड्यावर ठेवून उभा राहतो. ‘प्रेशर नाही’ हे दोन शब्द त्या रांगेत दिवसभर ऐकू येतात. लाइनीत दाब कमी असला की टाकी पुरती भरत नाही, आणि त्याच दिवशी पुन्हा रांगेत यावे लागते. हा बुडालेला तास कोणत्याही ताळेबंदात धरला जात नाही.

नोव्हेंबर २०२५ च्या मध्याला तर रांगच गोठली. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात गेल या सरकारी वायू कंपनीची मुख्य वाहिनी भलत्याच कुणाच्या कामात फुटली. वडाळ्याच्या सिटी गेट स्टेशनला येणारा वायू अडला आणि मुंबईभर पंप बंद पडले. घरगुती ग्राहकांना आधी वायू देण्याचा महानगर गॅसचा निर्णय बरोबर होता. पण ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी दाद कुठे मागायची? वाहिनी गेलची, आवार आरसीएफचे, पंपावरची पाटी महानगर गॅसची, वाहिनी फोडणारा चौथाच. विजेच्या बाबतीत पुरवठा ठरावीक वेळेत सुरू झाला नाही तर ग्राहकाला किती भरपाई द्यायची, याचा तक्ता राज्य वीज नियामक आयोगाच्या विनियमांत छापलेला आहे. रिक्षावाल्याच्या त्या दिवसासाठी असा तक्ता नाही.

हा फरक नीट उलगडून सांगायला हवा, कारण वादाचा गाभा इथेच आहे. जुहूतल्या एकाच घरात दोन मीटर असतात. विजेचा मीटर अदानीचा किंवा टाटाचा. त्याचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनीला खर्चाची याचिका दाखल करावी लागते, तिचा गोषवारा मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत छापावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात आणि सुनावणी होते. त्या सुनावणीत कोणीही साधा माणूस उठून विचारू शकतो की हा खर्च का दाखवला. वीज कायद्याच्या कलम ९४ नुसार आयोग ग्राहकांची बाजू मांडायला अधिकृत प्रतिनिधी नेमू शकतो. पुण्याची ‘प्रयास’ आणि मुंबई ग्राहक पंचायत यांनी हे काम वर्षानुवर्षे केले. पंचायतीचे ग्राहक भवन तर इथेच, कूपर रुग्णालयाच्या मागे, जुहू-पार्ले योजनेत उभे आहे. १९७५ पासून किराणा मालाच्या वजनापासून वीजदरांपर्यंत भांडलेली संस्था घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही, स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या मीटरबद्दल तिला उभे राहायला कठडाच नाही.

वीज आयोग फार थोर आहे असा माझा दावा नाही. मुंबईची वीज महागच आहे. आयोगाचे आदेश शेकडो पानांचे, कंटाळवाणे आणि कधीकधी कंपनीला झुकते माप देणारे असतात. पण त्या शेकडो पानांत प्रत्येक हरकतीला उत्तर लिहावे लागते, आणि ते पटले नाही तर अपील करता येते. गॅसच्या भावाला अपील कशाविरुद्ध करणार? प्रसिद्धिपत्रकाविरुद्ध?

मग गॅसचे नियामक मंडळ कशासाठी आहे, असे कोणी विचारील. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ २००६ च्या कायद्याने निर्माण झाले आणि २००७ पासून दिल्लीत काम करते. कोणत्या शहरात कोण वायू वाटणार याची अधिकृतता ते देते, मोठ्या वाहिन्यांचे वाहतूक शुल्क ठरवते, तांत्रिक व सुरक्षा मानके घालून देते. किमतींवर लक्ष ठेवायचे कामही कायद्यात आहे, पण केंद्र सरकार अधिसूचित करील त्याच इंधनांपुरते. म्हणजे किल्ली केंद्राच्या मंत्रालयाकडे. ज्या कलम १६ खाली शहरांची अधिकृतता द्यायची, ते कलमच केंद्राने जुलै २०१० पर्यंत लागू केले नव्हते! मंडळ खुर्चीवर, अधिकार कपाटात, अशी ती तीन वर्षे गेली. पुढे २०२० च्या अखेरीस अध्यक्ष निवृत्त झाले, तर ती खुर्ची दोन वर्षांहून अधिक काळ रिकामी राहिली. आपल्या पंचाला वेळेवर नेमण्याची घाई सरकार आणि उद्योग या दोघांपैकी एकाही खेळाडूला नव्हती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि जेव्हा मंडळाने खरोखरच भावाला हात घातला तेव्हा काय झाले? एप्रिल २०१२ मध्ये त्याने दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसचे जाळे-शुल्क आणि सीएनजीचे दाबशुल्क मोठ्या प्रमाणात कापले. कंपनी उच्च न्यायालयात गेली. जूनमध्ये आदेश रद्द झाला. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले: असे दर ठरवण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही. न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने कायदा वाचला आणि कायद्यात जे नव्हते ते नाही म्हणून सांगितले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दोष त्या दहा वर्षांचा आहे जी त्यानंतर गेली. सर्वोच्च न्यायालयाने भोक दाखवून दिल्यावर ते बुजवणे संसदेचे काम होते. ते झाले नाही.

‘पण या कंपनीत सरकारच भागीदार आहे, मग जनतेचे हित आपोआपच पाहिले जाते,’ हा दुसरा युक्तिवाद. मला तर भीती याच गोष्टीची वाटते. महानगर गॅस १९९५ मध्ये स्थापन झाली ती गेल, ब्रिटिश गॅस आणि महाराष्ट्र सरकार यांच्या भागीदारीतून. ब्रिटिश गॅसचा वाटा शेलकडे गेला आणि मग विकला गेला. २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. गेलचा वाटा साडेबत्तीस टक्के राहिला, राज्य सरकारचा दहा टक्क्यांच्या आसपास. आता टोप्या मोजा. केंद्र सरकार गेलचे मुख्य मालक, म्हणून या कंपनीचे अप्रत्यक्ष भागधारक. देशी वायू कुणाला किती द्यायचा, ते वाटपही केंद्राचे. त्या वायूचा दर ठरवणारेही केंद्रच: एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या किमतीच्या दहा टक्के, वरची मर्यादा तेव्हा साडेसहा डॉलर. सीएनजीवर १४ टक्के उत्पादन शुल्क घेणारे तेच आणि नियामक मंडळ नेमणारेही तेच. राज्य सरकारच्या टोप्याही कमी नाहीत. ते भागधारक, त्याचा प्रतिनिधी संचालक मंडळावर, व्हॅट घेणारे ते, आणि रिक्षावाल्याचे भाडे अडवून धरणारे प्राधिकरणही त्याचेच.

भाव वाढला की लाभांशही वाढतो, करही वाढतो आणि नाराजी मात्र कंपनीच्या नावावर जाते. यात ग्राहकाची बाजू घेण्याची गरज नेमकी कोणत्या टोपीला वाटावी?

ब्रिटिश गॅसची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८६ मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने तिचे खासगीकरण केले. थॅचरबाई काही समाजवादी नव्हत्या. तरीही त्याच वर्षी त्या कंपनीवर ‘ऑफगॅस’ नावाचा स्वतंत्र नियामक बसवण्यात आला आणि वायूच्या खरेदीचा खर्च सोडून घरगुती वायूचा उरलेला दर महागाईच्या दरापेक्षा ठरावीक टक्के कमीच वाढेल, असे सूत्र तिच्या गळ्यात बांधण्यात आले. तीच कंपनी नऊ वर्षांनी मुंबईत आली तेव्हा इथे भावावर लक्ष ठेवणारा नियामकच नव्हता. मायदेशी जिला सूत्र होते ती इथे सूत्रमुक्त झाली. बाजाराच्या सर्वांत कडव्या भक्तांनाही जे कळले होते, ते आपल्याकडे ‘उद्योगाला जाच’ म्हणून बाजूला ठेवले जाते.

नोव्हेंबर २०२४ मध्येही भाव असाच विनासुनावणी वाढला. ऑक्टोबरपासून केंद्राने शहर गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी वायूचा कोटा लागोपाठ दोनदा कापला. महाराष्ट्रात विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि त्याच आठवड्यात मुंबईतला सीएनजी दोन रुपयांनी वाढून ७७ झाला. त्याच सुमारास दिल्लीभोवतालच्या शहरांत भाव वाढले, पण दिल्लीत नाही. दिल्लीची निवडणूक यायची होती. मी हेतू जोडत नाही. पण ज्या भावाला सुनावणी नसते, त्या भावाबद्दल लोक पानाच्या टपरीवर असेच बोलणार आणि त्यांना खोटे ठरवायला तुमच्याकडे कागद नसणार. सुनावणी कंपनीच्याही फायद्याची आहे, हे कंपन्यांना कधी कळणार?

‘दर बांधले तर गुंतवणूक आटेल’ हा धाक वारंवार दाखवला जातो. गेलच्या देशभरच्या वाहिन्यांचे शुल्क हेच नियामक मंडळ ठरवत आले आहे, गुंतवलेल्या भांडवलावर करोत्तर १२ टक्के परतावा धरून. त्यामुळे वाहिन्या टाकायच्या थांबल्या का? टाटा आणि अदानी वीजदर बांधलेले असताना मुंबई सोडून गेले का? उलट महानगर गॅसचे आकडे पाहा. २०२२-२३ मध्ये निव्वळ नफा ७९० कोटींच्या आसपास होता. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने वायूचा दर बांधला. कंपनीने सीएनजी आठ रुपयांनी उतरवून ७९ केला, पुढे मार्च २०२४ मध्ये साडेत्र्याहत्तर. हे तिच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पण त्याच २०२३-२४ मध्ये नफा १,२८० कोटींच्या वर गेला. स्वस्ताईतला काही भाग ग्राहकापर्यंत आला आणि काही वाटेतच थांबला. किती थांबावा, हा प्रश्न विचारायची जागा हवी, एवढेच. नफा गैर नाही. एकाधिकारातला नफा विनाचौकशी असणे गैर आहे.

स्पर्धेचा मुद्दा त्याहून गमतीचा. मुंबईपुरता कंपनीचा विक्रीचा एकाधिकार कागदावर केव्हाच संपला. २०२० मध्ये मंडळाने शहरातील जाळी इतर विक्रेत्यांना खुली करण्याचे विनियम काढले: नळ एका कंपनीचा, वायू दुसरीचा, जसा मुंबईत टाटाचा ग्राहक रिलायन्सच्या, आता अदानीच्या, तारेवरून वीज घेऊ लागला तसा. शहर गॅस कंपन्या त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. हक्कासाठी न्यायालयात जाणे हा त्यांचा अधिकार आहे. फक्त मग एक करा: स्पर्धा नको असेल तर भाव बांधून घ्या, भाव बांधून नको असेल तर स्पर्धा येऊ द्या. बाजाराचे स्वातंत्र्य आणि एकाधिकाराचे संरक्षण, दोन्ही एकाच ताटात वाढून घेता येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र नियमनाचा भार वाटून घ्या म्हणणाऱ्यांना मी अर्धी वाट सोबत करतो. नळाच्या जाडीपासून वायूला वास देणाऱ्या मर्कॅप्टनच्या प्रमाणापर्यंतचे मानक लिहायला त्या धंद्यातली माणसेच हवीत. तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाची मानके उद्योगातले अभियंते एकत्र बसून लिहितात आणि ती चांगली आहेत. सचिवालयातल्या बाबूने ती लिहावीत असे कोणीच म्हणणार नाही. पण मानक लिहिणे वेगळे आणि ते पाळले का हे तपासणे वेगळे. शहर गॅसच्या जाळ्यांची तपासणी मंडळाच्या यादीवरच्या त्रयस्थ संस्था करतात, आणि त्यांची फी ज्याला तपासायचे ती कंपनीच देते. परीक्षकाचा पगार विद्यार्थ्याच्या खिशातून, असा हा प्रकार आहे. मार्च २०२५ मध्ये अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब भागात रस्त्याच्या खोदकामात गॅसवाहिनी फुटून आग लागली, माणसे भाजली. अशा वेळी महापालिका कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंपनी खोदणाऱ्याकडे. वाहिनीच्या नकाशाची जबाबदारी एका दारी आणून बसवणारा कोणी नाही.

समुद्रातला मामला याहून गंभीर आहे आणि जुहूला तो रोज ऐकू येतो. सकाळी जुहूच्या धावपट्टीवरून हेलिकॉप्टरे उडू लागतात, ती दीडशे-एकशेसाठ किलोमीटरवरच्या मुंबई हायच्या फलाटांवर माणसे नेतात. १३ जानेवारी २०१८ ला इथून उडालेले पवनहंसचे हेलिकॉप्टर परतले नाही. ओएनजीसीचे पाच अधिकारी आणि दोन वैमानिक गेले. पवनहंसमध्ये ४९ टक्के वाटा ओएनजीसीचाच. त्याआधी २००५ मध्ये, २६ जुलैच्या पावसाने शहर बुडाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एक मदतनौका मुंबई हाय नॉर्थच्या फलाटावर आदळली, वायूची वाहिनी फुटली आणि दोन तासांत फलाट जळून कोसळला. २२ माणसे गेली. त्यानंतर २००८ मध्ये समुद्रातील सुरक्षेचे नियम झाले आणि अंमलबजावणी त्याच सुरक्षा संचालनालयाकडे दिली गेली, जे पेट्रोलियम मंत्रालयाच्याच हाताखाली आहे. म्हणजे ओएनजीसीला उत्पादन वाढवायला सांगणारे आणि तिची सुरक्षा तपासणारे, दोन्ही एकाच मंत्र्याला जबाबदार.

इतर देशांनी हा धडा रक्त सांडून शिकला. उत्तर समुद्रातला ‘पायपर अल्फा’ फलाट ६ जुलै १९८८ ला जळाला, १६७ माणसे मेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीनंतर ब्रिटनने समुद्रातील सुरक्षा ऊर्जा खात्याकडून काढून आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीकडे दिली, कारण उत्पादनाचा उत्साह आणि सुरक्षेची भीती एकाच डोक्यात नांदत नाहीत. अमेरिकेने २०१० च्या ‘डीपवॉटर होरायझन’नंतर स्वामित्वशुल्क गोळा करणारे आणि सुरक्षा पाहणारे एकत्र खाते मोडून वेगळे केले. आपल्याकडे फलाट बदलला, टोपी तीच राहिली.

महाराष्ट्राला तर या ‘भागीदारी’चे धडे दिल्ली-लंडनहून आणायची गरजच नाही. दाभोळचा वीज-खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला तेव्हा राज्यात वीज नियामक आयोग नव्हता. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला एन्रॉन. ज्ञान कंपनीचे, हमी सरकारची, आणि ज्यांनी पैसे भरायचे ते खोलीबाहेर. २००१ मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले आणि माधव गोडबोले समितीने कारभाराच्या अपयशाचे वाभाडे काढले. आयोग १९९९ मध्ये आला, सुनावण्या सुरू झाल्या आणि त्यांतून लोकांना वीज मंडळाचे खरे आकडे दिसू लागले. विजेत जे शहाणपण आपण इतक्या महागात विकत घेतले, ते गॅसच्या दारात आल्यावर विसरायचे का?

म्हणून मागणी मोजकी आहे. २००६ च्या कायद्यात दुरुस्ती करून, जोवर एखाद्या शहरात प्रत्यक्ष दुसरा विक्रेता येत नाही तोवर तिथल्या घरगुती वायूचा आणि सीएनजीचा दर ठरवण्याचा अधिकार गॅसच्या नियामक मंडळाला द्या. सुनावणी त्या शहरात आणि त्या शहराच्या भाषेत घ्या. संकेतस्थळावर इंग्रजी मसुदा टाकून ‘हरकती मागवल्या’ म्हणणे पुरे झाले. समुद्रातील सुरक्षेची तपासणी पेट्रोलियम मंत्रालयाबाहेर काढा.

हे दिल्लीचे काम आहे, असे म्हणून राज्य सरकारला हात झटकता येणार नाहीत. महानगर गॅसच्या संचालक मंडळावर त्याचा माणूस बसतो. प्रत्येक भाववाढीबरोबर वायूची खरेदी, वाहतूक, कर आणि नफा यांची रुपयांतली फोड मराठीत जाहीर करावी, हा ठराव तो पुढच्याच बैठकीत मांडू शकतो. त्याला कायद्यात एक शब्द बदलावा लागत नाही. तुमचे आमदार भेटतील तेव्हा त्यांना एवढेच विचारा: आमचा प्रतिनिधी त्या बैठकीत बसतो, त्याने हा ठराव मांडला का?